दाराचं काम

“तू दार हो,” गार्गी म्हणाली.

वाचनालयाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही गोल करून बसलो होतो आणि गार्गी एकेकाकडे बोट दाखवून नाटकातली कामं वाटत होती. इरा ती स्वतः. मुनीर म्हणजे रेहान. हरी आणि गिरी हे जुळे भाऊ एकटी शर्वरी करणार होती, टोपी बदलून बदलून. बोट फिरत फिरत माझ्यापाशी आलं आणि जरा वेळ हवेतच थांबलं.

“दार म्हणजे?” मी विचारलं.

“दार म्हणजे दार. ज्यातून सगळे पलीकडे जातात ते. पुठ्ठ्याचं करू, पण ते आपोआप थोडंच उभं राहणार? कुणीतरी मागून धरायला पाहिजे. तू उंच आहेस.”

“आणि पाठांतराची कटकट नाही,” रेहान म्हणाला. “दाराला डायलॉग नसतात.”

“करकर वाजायचं असतं की,” शर्वरी म्हणाली. “तेवढं जमेल ना गं, तेजल?”

सगळे हसले. मीही हसले. मी तेव्हा सातवीत होते, आणि आपल्यावर सगळे हसायला लागले की आपणही हसून घ्यायचं, म्हणजे ते लवकर आटपतं, हा माझा स्वतःचा शोध होता. आज मी दहावीत आहे आणि “तुमच्या मुलीला जरा कमी बोलायला सांगा” असं वर्गशिक्षिका पालकसभेत आईला सांगतात. आईला ते खरं वाटत नाही. कारण आईनं ती जुनी तेजल पाहिलीय, जिचं नाव सर हजेरीत दोनदा घ्यायचे, कारण पहिल्या वेळचं ‘उपस्थित’ त्यांच्या टेबलापर्यंत पोचायचंच नाही.

तर, दार.

आमच्या तासगावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन असतो, आणि त्या दिवशी मुलांनी एखाद्या पुस्तकावर नाटक बसवायचं असतं. नाट्यपंढरी सांगली जवळ असल्यामुळे आमच्याकडे प्रत्येक घरात एक तरी दिग्दर्शक निघतोच. आमच्या वर्गाची दिग्दर्शक गार्गी होती. ती जन्मली तेव्हाही तिनं नर्सला कुठे उभं राहायचं ते सांगितलं असणार. त्या वर्षीचं पुस्तक होतं ‘वखारीपलीकडे’, आणि ज्यांनी ते लिहिलं होतं त्या शैलजा मोहोळकर खुद्द पाहुण्या म्हणून येणार होत्या.

गोष्ट अशी आहे. एका गावात मिठाची एक बंद पडलेली वखार असते. तिच्या मागच्या दारातून एका संध्याकाळी गल्लीतली मुलं एका दुसऱ्याच मुलखात जातात. तिथली नदी सकाळी उताराकडे वाहते आणि संध्याकाळी चढाकडे, त्यामुळे तिथल्या नावाड्यांना वल्ही लागत नाहीत, नुसता धीर लागतो. तिथल्या बाजारात पैसे चालत नाहीत. आठवणी द्याव्या लागतात. त्या मुलांमधला पिंट्या भुकेपोटी एका गूळपोळीसाठी आपला शाळेचा पहिला दिवस देऊन टाकतो, आणि मग खात खात विचारतो, “शाळा म्हणजे काय रे?” हे वाचून मी पुस्तक मिटून आमच्या जिन्यात कितीतरी वेळ बसले होते. मी काय काय देऊन टाकलं असतं त्याचा हिशेब लावत.

आता पुस्तकाचं रडगाणंही सांगते, कारण प्रेम आहे म्हणून काही आंधळं व्हायला नको. मुलं फार होती. सात. आणि बाई कुठल्याच एका मुलाजवळ बसायच्या नाहीत. इरा कड्याला एका हातानं लोंबकळतेय, आपला श्वास वर अडकलाय, आणि पुढचं प्रकरण काय, तर हरी-गिरी लोणच्यावरून भांडतायत. त्यातला हरी कोण आणि गिरी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. बाईंनाही कळलं नसावं. पुस्तकभर ज्याची भीती घातली तो धुकेराजा दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत मरतो, आणि ही बातमी आपल्याला एक नावाडी तंबाखू मळता मळता देतो. मी पुस्तक भिंतीवर फेकून मारणार होते. पण ते वाचनालयाचं होतं, आणि सगळंही नव्हतं.

सगळं नव्हतं म्हणजे काय, तर त्याला कारण आमचे ग्रंथपाल यादवकाका. पुस्तक विटेएवढं जाड आणि प्रत एकच. “एवढं पुस्तक एकानं नेलं की महिनाभर परत येत नाही,” काका म्हणाले, “तोवर बाकीच्यांनी काय एकमेकांची तोंडं बघत बसायची?” आणि त्यांनी ते बाइंडरकडे नेऊन त्याचे पाच तुकडे करून आणले. पाचही तुकड्यांना छान खाकी पुठ्ठा, लाल कापडी पाठ. एका वेळी पाच मुलं वाचणार म्हणून काका इतके खूश होते, की ती पाच मुलं वाचणार काय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ज्याच्या हाताला जो भाग लागला तो त्यानं नेला.

“मुनीर मेला,” तिसरा भाग वाचून आलेला रेहान शाळेच्या नळावर म्हणाला. “पुरात बुडाला. संपला विषय.”

“काय पण बोलतोस,” शर्वरी म्हणाली. तिच्याकडे चौथा होता. “माझ्यात तो पुलावर बसून भाकरी खातोय.”

“मग ते भूत असणार.”

शर्वरीनं पुढचा आठवडाभर तो भाग फक्त उजेडात वाचला. मुनीर बोलला की ही आधी त्याचे पाय उलटे आहेत का ते शोधायची. एकीकडे, ज्यानं दुसरा भाग वाचला तो म्हणायचा की गोष्ट नकाशे काढणाऱ्या केदारची आहे. गार्गीनं सुरुवातीलाच पहिला पटकावला होता, ती म्हणायची की गोष्ट इराची आहे आणि बाकीचे तिच्या मागून चालणारे आहेत. मधल्या सुट्टीत डबे उघडेच राहायचे आणि भांडणं चालायची. असं भांडायला लावणारं पुस्तक मी त्यानंतर वाचलं नाही.

मी भांडत नव्हते. मी फळीवर जो भाग शिल्लक असेल तो नेत होते. अशानं मला तिसरा मिळाला, मग पाचवा, मग दुसरा, मग चौथा. पहिला भाग सगळ्यांत शेवटी माझ्या हाती आला, नाटकाच्या तालमी सुरू झाल्यानंतर. म्हणजे दाराचं काम मला मिळालं तेव्हा दाराची गोष्ट मी वाचलेलीच नव्हती.

ती एका दुपारी जिन्यात बसून वाचली, आणि मला त्यात नमू भेटली.

सगळ्यांच्या मागून चालणारी नमू. वखारीच्या दाराची भानगड अशी होती, की पलीकडचा वारा ते सारखं ढकलून लावायला बघायचा, आणि एकदा लागलं की ते पलीकडून उघडायचं नाही. मग आत गेलेली मुलं कायमची तिकडेच. म्हणून कुणीतरी उंबऱ्यात उभं राहायला हवं, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. सगळे एकमेकांकडे बघतात. नमू म्हणते, “तुम्ही जा, मी धरते.” इरा म्हणते, “आलोच.”

आणि सहाही जण आत जातात.

मी पान उलटलं. पुन्हा मागे आले. मग घरात असलेला चौथा भाग काढून चाळला, तसाच पळत वाचनालयात जाऊन बाकीचे चाळले. नमूचं नाव कुठेच नव्हतं. नदी होती, बाजार होता, लोणच्यावरचं भांडण पानंच्या पानं होतं. नमू नव्हती. तिकडे एक वर्ष जातं आणि इकडे एकच संध्याकाळ होते. मुलं दमून-भागून परत येतात, आणि पुस्तकाचं शेवटचं वाक्य आहे, ‘दार उघडंच होतं.’

उघडंच होतं म्हणे. जसं काही ते आपल्या मनानं उघडं राहिलं होतं.

“काका,” मी यादवकाकांना विचारलं, “बाइंडरकडे काही पानं राहिली काय?”

काकांनी चष्मा लावला आणि पाचही भागांचे पानांचे आकडे जुळवून बघितले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पानं सगळी आहेत पोरी. तुझी नमूच नाही.”

दुसऱ्या दिवशी तालमीत मी गार्गीला गाठलं. म्हणजे आधी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, मग तिची बाटली भरून आणली, मग बोलले.

“आपण नमूला घेऊया ना नाटकात.”

“कोण नमू?”

जिनं पहिला भाग सगळ्यांत आधी वाचला होता ती हे विचारत होती. मी सांगितलं.

“हां, ती होय,” गार्गी म्हणाली. “पण ती करते काय?”

“दार धरते.”

“म्हणजे काहीच करत नाही. नुसत्या उभ्या माणसाला स्टेजवर जागा कुठून आणू? आधीच सहा जणांची गर्दी आहे, शर्वरीच दोघं करतेय.”

“मग नको घेऊस. शेवटी परत येताना इरानं तिचं नाव तरी घेऊ दे. एकदाच. ‘नमू कुठाय’ एवढंच.”

“पुस्तकात आहे काय ते?”

“नाही. तेच तर—”

“मग कसं घालू? लेखिका समोर बसणार आहे, तेजल. तिच्या पुस्तकात आपण ढवळाढवळ करायची? तू ना, दार सरळ धर आधी. काल सगळं डावीकडे कललं होतं.”

मी दार सरळ धरलं.

पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. नाटक चांगलं होवो, वाईट होवो, टाळ्या पडोत, न पडोत. कुणीतरी, कुणीही, नमूचं नाव एकदा घ्यावं. एवढंच हवं होतं मला. रात्री जेवताना मी आईला विचारलं, “आई, एका पायाला वर्ष झालं आणि दुसऱ्याला संध्याकाळ, तर माणसाला नक्की किती वेळ झाला?” आई म्हणाली, “भात घे.”

आमचं दार बाकी झकास झालं होतं. बेदाण्याच्या बॉक्सांचे पुठ्ठे एकावर एक चिकटवून त्याला दोन बांबूंची चौकट केली होती आणि तपकिरी रंग दिला होता. जवळून वास घेतला तर अजून बेदाण्याचा यायचा. फक्त त्याची झडप जड झाली होती, सोडली की आपली आपण लागायची. म्हणून मी चौकटीमागे उभी राहून दोन्ही हातांनी बांबू धरायचा आणि डावा पाय पुढे सरकवून झडप अडवायची. प्रेक्षकांना माझा तेवढा एक पाय दिसला असता. गार्गीनं त्यात काळा मोजा घालायला लावला. “दाराला पाय असल्यासारखा दिसतोय,” ती म्हणाली.

रविवारी संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला. मोहोळकर बाई आल्या. छोट्याशा, पांढऱ्या केसांचा बॉब, खांद्याला शबनम. मला वाटलं होतं की नदी उलटी वाहवणारी बाई जरा मोठी तरी असेल. यादवकाकांनी त्यांच्यापुढे सहीसाठी पाच तुकडे ठेवले. बाईंनी एकेक हातात घेऊन बघितला.

“हे काय झालं?”

“मुलांच्या सोयीसाठी,” काका म्हणाले.

“बरं केलंत,” बाई म्हणाल्या आणि पाचही ठिकाणी सही केली. “मी आजवर एकच पुस्तक लिहिलंय. आता पाच झाली म्हणायची.”

नाटक सुरू झालं. माझ्या जागेवरून मला फक्त पुठ्ठ्याची मागची बाजू दिसायची, त्यावर छापलेले द्राक्षांचे घोस, आणि फटीतून स्टेजचा एक तुकडा. सगळे माझ्या शेजारून पलीकडे गेले. गार्गी जाता जाता “आलोच” म्हणाली, पण कुणाला म्हणाली ते प्रेक्षकांना कळायला मार्ग नव्हता. ती हवेलाच म्हणाली. मग पलीकडे सगळी धमाल. निळी साडी हलवून केलेली नदी उलटी वाहिली. शर्वरीनं इतक्या भराभर टोप्या बदलल्या की हॉल खदखदून हसला. मुनीर बुडाला तेव्हा रेहानची आजी खरंच हळहळली. मी सगळं ऐकत होते, माझ्या पायावर झडप रेलली होती, आणि तो पाय हळूहळू माझा राहिना. आधी मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. तालमीत आम्ही तुकड्या-तुकड्यांनी करायचो, त्यामुळे सलग उभं राहायला किती लागतं ते मला माहीतच नव्हतं.

शेवटच्या प्रवेशाच्या आधी माझा पाय मुडपला आणि दार लागलं.

हे मी मुद्दाम केलं नव्हतं. पुढचं मात्र मुद्दाम केलं.

“चला रे, घर आलं,” गार्गी ओरडत आली आणि धाडकन पुठ्ठ्यावर आपटली. मग हळू आवाज आला, “तेजल, उघड.”

मी झडप आतून धरून ठेवली.

“पाय काढलास काय? उघड की गं.”

“नमूचं नाव घे,” मी म्हटलं.

“काय?”

“नाव घे, मग उघडते.”

“मी तुला मारीन, तेजल.”

“मार. दार आहे मी.”

हे कुठून आलं मला माहीत नाही. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पुठ्ठ्यापलीकडे गार्गी जोरजोरात श्वास घेत होती. इतका वेळ स्टेजवर काहीच झालं नाही, की रेहानला राहवेना. तो पुढे झाला.

“इरा, दार लागलंय,” तो मोठ्यानं म्हणाला.

“ते मला दिसतंय,” गार्गी म्हणाली, आणि लोक हसले.

“पण लागलं कसं? आपण कुणालातरी धरायला ठेवलं होतं ना?” रेहान डोकं खाजवत म्हणाला. “कोण होतं गं ते?”

रेहाननं पहिला भाग वाचलेला नव्हता. आजतागायत वाचलेला नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं, तो आपला वेळ भरून काढत होता. पण त्यानं विचारलं ते भर हॉलमध्ये विचारलं, आणि आता उत्तर इराला द्यायचं होतं. फटीतून मला पहिली रांग दिसत होती. बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

“नमू,” गार्गी म्हणाली. पुटपुटली.

“ऐकू नाही आलं,” मी म्हटलं. आणि हे मी कुजबुजले नाही. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. माझा आवाज एवढा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

“नमू!” गार्गी किंचाळली. “नमू होती. नमूला ठेवलं होतं आपण.”

ती माझ्यावरच्या रागानं किंचाळली होती. पण समोरून ते रडल्यासारखं ऐकू गेलं असणार, कारण बायकांच्या बाजूनं कुणीतरी “अगं बाई” केलं.

मी झडप उघडली आणि बाहेर पाऊल टाकलं. ते पाऊल बधिर होतं. मी अशी काही कोसळले, की रेहाननं एका बाजूनं आणि गार्गीनं दुसऱ्या बाजूनं धरलं म्हणून वाचले. काळा मोजा अर्धा निघाला होता.

“काय झालं पायाला?” रेहाननं विचारलं. मुनीर म्हणून विचारलं की रेहान म्हणून, कोण जाणे.

“हा तिकडे होता,” मी म्हटलं. “दुसरा इकडे होता. इकडच्या पायाची एकच संध्याकाळ झाली. ह्याचं वर्ष झालं. ह्याची चप्पल घट्ट झाली, वाढला हा. दुसरा आहे तेवढाच आहे. आता मी घरी चालत कशी जाऊ?”

रेहान वाकून माझे दोन्ही पाय बघू लागला.

“तुम्ही आलोच म्हणाला होता,” मी म्हटलं.

यानंतर गार्गीचं शेवटचं वाक्य होतं, ‘दार उघडंच होतं.’ पूर्ण तालमीभर तिनं ते हात पसरून म्हटलं होतं. तिनं तोंड उघडलं, माझ्या पायाकडे बघितलं, आणि मिटलं. मग माझा हात आपल्या खांद्यावर घेऊन म्हणाली, “चल. टेक माझ्यावर.” आणि आम्ही दोघी लंगडत विंगेत गेलो. टाळ्या पडल्या त्या आम्ही आत गेल्यावर.

विंगेत पोचताच तिनं माझा हात झटकला.

मग बाई भाषणाला उठल्या. त्यांनी शबनममधून कागद काढले आणि पुन्हा आत ठेवले. “सात मुलं घेऊन मी निघाले होते,” त्या म्हणाल्या. “एकाला पुरातून काढावं तर दुसरी कड्याला लोंबकळलेली. शेवटी सगळ्यांना घरी आणता आणता मला एवढी धाप लागली, की उंबऱ्यात एकीला उभं करून आलेय हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. पुस्तक चांगलं आहे असं बऱ्याच मोठ्या माणसांनी मला सांगितलं. नमूचं कुणी विचारलं नाही.” त्यांनी मला पुढे बोलावलं. मी लंगडत गेले. “तिथं उभ्या उभ्या तिनं वर्षभर काय केलं, हे तुला ठाऊक आहे?”

“हो,” मी माइकमध्ये म्हटलं. “पण ते मोठं आहे.”

“मग सावकाश सांग कुणालातरी. माझ्यासारखी घाई करू नकोस.”

“दुसऱ्या आवृत्तीत घाला की ते, बाई,” कडेनं यादवकाका म्हणाले.

“पहिलीच अजून माझ्या पलंगाखाली आहे, काका.”

हॉल हसला, नारळ-शाल झाली, चहा झाला, बाई सांगलीला गेल्या. दार गार्गीच्या घरी ठेवायचं ठरलेलं होतं. ते मी आणि तिनं आडवं धरून न्यायचं, हेही आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे आता ना तिला नाही म्हणता येईना ना मला. ती पुढच्या टोकाला, मी मागच्या. भाजी मंडईपर्यंत ती ताडताड चालत राहिली. मला तिची फक्त वेणी दिसत होती आणि ती वेणी सुद्धा रागावलेली होती.

“माझं नाटक बिघडवलंस तू,” ती वळून न बघता म्हणाली.

“होय.”

“होय काय होय. सॉरी म्हण.”

“ते नाही म्हणणार.”

ती थांबली, म्हणून मीही थांबले. मला वाटलं आता दार टाकून जाते ही. एक सायकलवाला घंटी वाजवत आमच्या कडेनं गेला. मग ती पुन्हा चालू लागली, आणि आम्ही तिच्या गल्लीत वळलो.

“जेवली काय ती?” जरा वेळानं गार्गी म्हणाली.

“कोण?”

“कोण काय कोण. नमू.”

“इकडच्या बाजूनं वखारीचा राखणदार शेंगदाणे देऊन गेला,” मी म्हटलं. “पण ते एका संध्याकाळपुरते. तिकडच्या बाजूनं वर्ष काढायचं होतं. तिकडं बाजारातले लोक यायचे, पोळी दाखवायचे, आणि आठवण मागायचे.”

“मग?”

“मग द्यायची ती. आधी साध्या साध्या दिल्या. पाढे दिले. मग शेजारच्यांची नावं दिली. थंडी पडल्यावर एका घोंगडीसाठी तिच्या घराचा रंग दिला.”

“घराचा रंग देऊन कसं चालेल? परत कशी ओळखणार?”

“तेच ना. शेवटी तर तिला तुमची तोंडंही आठवेनात. पण एक आठवण तिनं दिली नाही. तो बाजारवाला रोज यायचा, आख्खं जेवणाचं ताट घेऊन, आणि म्हणायचा ‘आलोच’ तेवढं देऊन टाक. तिनं ते दिलं नाही. ते दिलं असतं तर आपण इथं कशाला उभ्या आहोत हेच तिला कळलं नसतं.”

गार्गीचं घर आलं होतं. तिनं आपलं टोक खाली ठेवलं, मी माझं ठेवलं. दार आमच्या मधे रस्त्यावर आडवं पडलं होतं आणि त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघी.

“आणि इराला शिव्या घातल्या असतील तिनं,” ती म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडे बघून.

“आधी पुष्कळ घातल्या. मग तिला इरा कोण तेच आठवेना.”

गार्गीनं ओठ चावला. ती फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली आणि शेजारी मला जागा केली. “बरं, उन्हाळ्याचं सांग,” ती म्हणाली. “थंडीचं झालं.”

मी सांगू लागले. आतून फोडणीचा वास येत होता. जरा वेळानं गार्गीची आई पदराला हात पुसत फाटकाशी आली. “अगं, किती उशीर. ते दार घे आत आणि जेवायला बस. तेजल, तू पण चल, आईला फोन करते मी. उरलेल्या गप्पा उद्या मारा.”

“थांब गं आई,” गार्गी म्हणाली. “नमू अजून उभीच आहे तिथं.”